योव्हियनचे नाक

ट्रिअरच्या नाणेमंडळाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता पुलाजवळच्या खानावळीत भरत असे. मागच्या दालनात खिडकीला लागून एक लांब टेबल होते आणि त्याच्याभोवती अकरा खुर्च्या. बारावी खुर्ची दाराजवळ, कोट अडकवायच्या खुंट्यांखाली होती. तिच्यापुढे टेबल नव्हते, नुसती एक तिवई होती. या बाराव्या खुर्चीवर एवाल्ड मोर्बाख एकोणीस वर्षे दहा महिने बसत आला होता. बाहेर पाऊस असला की अकरा जणांच्या कोटांचे पाणी त्याच्या डाव्या खांद्यावर ठिबकायचे. म्हणून शनिवारी तो पाणी दिसून येणार नाही अशा गडद रंगाचे जाकीट घालायचा.

"अरे, खुर्ची चार बोटं सरकव की!" त्याची बायको वाल्ट्राउट म्हणायची.

पण उमेदवाराच्या खुर्चीची जागा मंडळाच्या घटनेत ठरवून दिलेली आहे की काय, याची एवाल्डला खात्री नव्हती. आणि विचारावे म्हटले, तर तेवढा धीर एकोणीस वर्षांत झाला नव्हता.

मंडळाची रीत अशी होती की प्रत्येक सभासदाकडे एक सम्राट. शेवटच्या शेवटच्या काळातले, म्हणजे रोमचे राज्य भिंतीच्या जुन्या गिलाव्यासारखे ठिकठिकाणी सुटू लागले होते त्या काळातले सम्राट. बैठकीत सभासदाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारायची नाही, सम्राटाच्या नावाने मारायची. मात्र हे नाव फुकट मिळत नसे. उमेदवाराने आपल्या वाट्याला आलेल्या सम्राटाचे एक ब्राँझचे नाणे स्वतःच्या हाताने, मातीपासून मुखापर्यंत साफ करून मंडळाच्या पेटीत जमा करायचे. बाजारातून साफ केलेले नाणे विकत आणले तर ते चालत नसे. ते सम्राटाला दत्तक घेण्यासारखे झाले, असे अध्यक्ष म्हणत.

आता ट्रिअर पडले जुने रोमन शहर. तिथे कुणी तळघर खणायला घेतले तरी रोमन नाणी निघतात, पण ती कायद्याने लगेच सरकारजमा होतात. म्हणून मंडळाचे सभासद, ज्यांच्या स्वयंपाकघराखाली दोन हात खोल अख्खे रोम पुरलेले होते, ते बाल्कनातली मातकट नाणी पिशव्या भरभरून पोस्टाने मागवत. यात काही विचित्र आहे असे कुणालाच वाटत नसे.

एवाल्डच्या वाट्याला चिठ्ठीने योव्हियन आला. पुस्तकात पाहावे तर त्याने राज्य केले जेमतेम आठ महिने. सैन्याने रणांगणावरच त्याला सम्राट केले. तो इतका उंच होता की राजवस्त्रे त्याला आखूड पडली. पुढे त्याने शत्रूशी पडते घेऊन तह केला, घरी यायला निघाला, आणि वाटेत एका नव्याने गिलावा केलेल्या खोलीत शेगडी पेटवून झोपला तो उठलाच नाही. एवाल्ड स्वतः पाच फूट तीन इंच. नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटरची वाचने नोंदवण्यात त्याची चौतीस वर्षे गेली. या उंच, बिचाऱ्या माणसाबद्दल पहिल्या दिवसापासून त्याला एक आपलेपणा वाटत आला होता. पण आठ महिन्यांच्या सम्राटाची नाणी ती किती असणार! इतरांच्या पिशव्यांतून कॉन्स्टंटाईन मुठीमुठीने निघत. एवाल्डच्याही पिशव्यांतून कॉन्स्टंटाईनच निघत. एकोणीस वर्षांत त्याने चारशे अकरा कॉन्स्टंटाईन साफ केले होते.

सकाळी दाढी करताना मात्र तो आरशापुढे एक तालीम करायचा. हजेरीची. मंडळात पहिल्यांदा हजेरी होते. मंडळाच्या चिटणीस फ्राऊ बार्ट्सेन नाव पुकारतात आणि सभासद ठणठणीत आवाजात "हजर!" म्हणतो. उमेदवाराचे नाव पुकारत नाहीत.

"हजर," एवाल्ड फेसाळ तोंडाने हळूच म्हणायचा.

"कुठे?" बाहेरून वाल्ट्राउट विचारायची.

सप्टेंबरात मंडळाचे पत्र आले. घटनेत कलम चौदा-अ नव्याने घातले होते. वीस वर्षांत ज्याने आपला सम्राट जमा केला नाही, त्याचे नाव उमेदवारांच्या यादीतून कमी करण्यात येईल, आणि सम्राट दुसऱ्याला देण्यात येईल. मंडळात उमेदवार एकच होता. तरी पत्राच्या सुरुवातीला "सर्व संबंधितांस" असे लिहिले होते. एवाल्डची वीस वर्षे नोव्हेंबरच्या वार्षिक सभेनंतर बरोबर दोन आठवड्यांनी भरत होती.

त्याने पत्र दोनदा वाचले आणि घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवले. वाल्ट्राउटने ते तिथून काढून वाचले.

"सोडून दे ना," ती म्हणाली. "बुधवारी चर्चमध्ये पत्ते खेळायला माणसं कमी पडतात. तिथे तुला टेबलसुद्धा मिळेल."

"हं," एवाल्ड म्हणाला.

पण तिला उत्तर कळले होते. तिने खिडकीतली, कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पार्स्लीची कुंडी उचलून खाली ठेवली आणि त्याच्या बरण्यांना जागा करून दिली.

ह्या बरण्या मुरंब्याच्या होत्या. एकेकीत डिस्टिल्ड पाणी आणि तळाशी दहा-दहा नाणी. दर चार दिवसांनी पाणी बदलायचे. पाणी आधी चहासारखे होते, मग नदीसारखे, मग स्वच्छ राहू लागते. तसे झाले की नाणे बाहेर काढायचे आणि उजेडात, भिंगाखाली, सुईने कीट सोडवायचे. त्यासाठी एवाल्ड सुईपेक्षा गुलाबाचा काटा पसंत करायचा. ब्राँझवर हिरवट-काळे, गुळगुळीत असे एक अस्सल पुट चढलेले असते. सम्राटाचा चेहरा त्या पुटात असतो. त्याच्यावर बसलेले मातीचे कीट काढायचे, पण पुटाला धक्का लावायचा नाही. कीट कुठे संपते आणि सम्राट कुठे सुरू होतो, हे हाताला कळावे लागते. पुस्तकांत एवढेच लिहिलेले असते की हाताला कळते. एवाल्डचा आपल्या हातावर कधीच फारसा विश्वास नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटी सातव्या बरणीतून एक नाणे निघाले. नखाएवढेच, दगडासारख्या टणक किटाने मढलेले. मागच्या बाजूला पानांच्या वेलाचे कडे अर्धे दिसत होते, आणि असे कडे योव्हियनच्या नाण्यांवर असते. ते इतरही चार-पाच जणांच्या नाण्यांवर असते, पण एवाल्डने त्या चार-पाच जणांचा विचार करायचे टाळले.

रोज सकाळी नऊ ते अकरा तो खिडकीशी बसू लागला. गुलाबाचा काटा पुरेना, म्हणून पाचव्या दिवशी सुई आली. दहाव्या दिवशी सम्राटाच्या डोक्यावरची मोत्यांची पट्टी दिसली. आणखी आठवड्याने कपाळ. मग भुवई, मोठा टपोरा डोळा, मग नाक. हनुवटीपाशी चार दिवस लागले. ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला एवाल्डने सुई खाली ठेवली, हात धुतले, पुन्हा एकदा भिंगातून पाहिले आणि बायकोला हाक मारली. आवाज जरा चिरकला.

"वाल्ट्राउट, जरा ये. तो आलाय."

"कोण आलंय?" ती हात पुसत आली. तिने वाकून भिंगाला डोळा लावला. बराच वेळ पाहिले. मग एवाल्डकडे पाहिले. मग पुन्हा भिंगातून.

"जरा खिडकीकडे तोंड कर," ती म्हणाली.

"कशाला?"

"कर म्हणते ना."

त्याने केले. वाल्ट्राउट एकदम हसायला लागली, आणि हसता हसता खुर्चीवर बसली.

"अरे एवाल्ड, हा तू आहेस!"

"काहीतरीच."

"काहीतरीच काय? तुझं नाक आहे हे!"

एवाल्डच्या नाकाच्या मध्यावर एक खाच होती. नऊ वर्षांचा असताना द्राक्षमळ्याच्या बर्फाळ उतारावर घसरगाडीवरून तो तोंडावर आपटला होता, तेव्हाची. वाल्ट्राउटने त्याचा दाढीचा आरसा आणून पुढ्यात उभा केला. आरशात खाच होती. नाण्यावरही खाच होती. आरशात खालचा ओठ, नेहमी काहीतरी सांगायला निघून थांबल्यासारखा, थोडा पुढे होता. नाण्यावरचा सम्राटही काहीतरी सांगायला निघून थांबलेला होता.

"सैनिक होता तो," एवाल्ड म्हणाला. "त्याचंही नाक फुटलेलं असेल."

"घसरगाडीवरून?"

ती स्वयंपाकघरात परत गेली. आतून बराच वेळ तिच्या हसण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला, आणि ती दारात येऊन उभी राहिली. "मी काही वाईट म्हणून नाही हसले हां," ती म्हणाली. "चांगला आलायस त्यात. आपल्या लग्नाच्या फोटोपेक्षा चांगला."

एवाल्डने मोठे भिंग काढले. ओठ आणि हनुवटी यांच्यामधल्या रेषेत त्याने नीट पाहिले. अस्सल पुट असते तर रेषेचा तळ काळसर, चकचकीत दिसला असता. तळ होता खरखरीत आणि भुरकट, वरच्या किटासारखाच. डोळ्याच्या रेषेचा तळ तसाच. नाकाचाही. सुई पुटापर्यंत कुठेच पोचली नव्हती. एक महिना तो कीट काढत नव्हता, किटात कोरत होता. आत कुणी असेल की नसेल, असल्यास कोण असेल, ते आत तसेच होते. वर त्याने ओळखीचा चेहरा कोरला होता, आणि बाराही महिने रोज सकाळी आरशात दिसणारा एकच चेहरा त्याच्या ओळखीचा होता.

त्याला खूप लाज वाटली. मग, काही वेळाने, एक वेगळाच विचार आला, आणि लाजेपेक्षा तोच जास्त टोचू लागला.

गुरुवारी दुपारी तो फ्राऊ बार्ट्सेन यांच्या लोकरीच्या दुकानात गेला. त्यांच्याकडे सम्राज्ञी हेलेना होती. मंडळाची पेटी त्यांच्या गल्ल्याखाली, मोज्यांच्या लोकरीच्या गुंड्यांत असायची. उमेदवाराला ती चिटणिसांसमोर, फॉर्म भरून पाहता येत असे.

"कारण?" फ्राऊ बार्ट्सेन यांनी विचारले. त्यांचे पेन फॉर्मवर टेकले होते.

"तुलना करायची होती."

"तुलना," त्यांनी लिहिले. "मिळाला वाटतं तुमचा लांबटांग्या?"

"अजून खात्री नाही, फ्राऊ बार्ट्सेन."

"तुम्हाला कशाची कधी खात्री असते, हेर मोर्बाख! माझ्या हेलेनापासून सुरुवात करा. सगळे म्हणतात, पेटीत तिच्यासारखी दुसरी नाही."

एवाल्डने भिंग लावले. हेलेनाच्या डोक्यावर वेणीचा अंबाडा होता, जसा असायला हवा. त्या अंबाड्यातून एक पिन बाहेर आली होती. त्याने मान वर केली. फ्राऊ बार्ट्सेन खाली वाकून लोकर मोजत होत्या, आणि त्यांच्या अंबाड्यातून, गेली वीस वर्षे त्याने पाहिलेली, एक पिन बाहेर आली होती.

मग त्याने थिओडोशियस पाहिला. हे नाणे हेर श्टेफेस यांचे. त्यांचे चौकात औषधाचे दुकान होते आणि डोळ्यांवर कायम जाड चष्मा. सम्राटाच्या कानावर चष्म्याच्या दांडीने पडते तशी खोबण होती. व्हॅलेन्स डुलकी लागल्यासारखा दिसत होता, आणि त्याचा सभासद तर प्रत्येक बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत झोपत असे. शेवटी मधल्या मखमली खणातला कॉन्स्टंटाईन, खुद्द अध्यक्षांचा. डॉ. बाउलर हे निवृत्त दंतवैद्य. जुन्या दवाखान्यातल्या हत्यारांनी त्यांनी हे नाणे साफ केले होते. सम्राटाला हनुवट्या दोन होत्या. ओठ किंचित उघडे होते आणि त्यांतून खालचे दोन दात दिसत होते. सम्राटाचे दात दाखवायची पद्धत कुठल्या टांकसाळीत होती, हे एवाल्डने चाळीस वर्षांच्या वाचनात कुठे वाचले नव्हते.

"झाली का तुलना?" फ्राऊ बार्ट्सेन यांनी विचारले.

"हो," एवाल्ड म्हणाला. "आभारी आहे." आणि त्याने वाल्ट्राउटला नको असलेला एक लोकरीचा गुंडा विकत घेतला, कारण काही न घेता बाहेर पडायला त्याला संकोच वाटला.

सभेपर्यंत नऊ दिवस होते. नऊही दिवस तो एकाच गोष्टीभोवती फिरत राहिला. गप्प बसले तर खिडकीजवळ खुर्ची मिळणार, नाव मिळणार, हजेरीत पुकारणार. बोलले तर कलम चौदा-अ. यापलीकडे तिसरे काही नव्हते. अकरा जण गप्प बसले होते, कदाचित त्यांना माहीतही नसेल. मग बाराव्यानेच कशाला शहाणपणा करावा? आपल्याला काय कळते? हाताचे सोडा, डोळ्यांचाही काय भरवसा? तो पुन्हा पुन्हा भिंग लावायचा, आणि भिंगातून त्याचेच नाक त्याच्याकडे पाहायचे.

"एक आठ महिने मिळाले होते बिचाऱ्याला," शुक्रवारी रात्रीच्या जेवणात तो मध्येच म्हणाला. "तेही आपण बळकावायचे?"

"कुणाचे?" वाल्ट्राउटने बटाट्याच्या थालीपिठाला सफरचंदाचा गर लावत विचारले.

"योव्हियनचे."

"तो मेला ना शेगडीने?"

"म्हणूनच."

वाल्ट्राउटने थालीपीठ त्याच्या ताटात टाकले. "एवाल्ड, तू काय करायचं ते कर. पण करून ये आणि मग मला सांग. अर्धवट करून आलास तर मला वर्षभर ऐकावं लागेल."

सभेच्या दिवशी पाऊस होता. सभासदांनी खुंट्यांवर कोट अडकवले आणि ते खिडकीकडे गेले. आंबट सफरचंदी वाइनचे पांढरे चिनी मातीचे मग आले. फ्राऊ बार्ट्सेन यांनी हजेरी घेतली.

"कॉन्स्टंटाईन?"

"हजर!" डॉ. बाउलर म्हणाले.

"हेलेना?" फ्राऊ बार्ट्सेन यांनी विचारले, आणि जरा नाजूक आवाजात स्वतःच उत्तर दिले, "हजर."

व्हॅलेन्सला कोपराने ढोसावे लागले. अकरा सम्राट हजर निघाले. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले गेले, खानावळीने बटाट्यांबरोबरचे लोणी कमी केल्याबद्दल निषेधाचा ठराव झाला, आणि मग सहावा विषय आला: उमेदवाराचे नाणे.

नाणे मखमलीच्या तुकड्यावरून टेबलाभोवती फिरले. एवाल्ड आपल्या खुर्चीवरून पाहत होता. डाव्या खांद्यावर पाणी ठिबकत होते.

"वा!" हेर श्टेफेस म्हणाले. "काय नाक आहे!"

"सैनिकाचं नाक," डॉ. बाउलर म्हणाले. त्यांना कुठल्याही चेहऱ्याकडे पाहताना आधी तोंडाकडे पाहायची सवय होती, आणि भिंगातून पाहतानाही त्यांचे स्वतःचे तोंड थोडे उघडायचे. "जबडा उत्तम. हेर मोर्बाख, अभिनंदन. उशीर केलात, पण माणूस आणलात."

एवाल्ड उभा राहिला. त्याच्या डोक्याला कुणाची तरी ओली बाही लागली.

"हेर डॉक्टर, ते नाक माझं आहे."

"अर्थात तुमचं. तुमच्याच हातून आलंय."

"नाही. म्हणजे, माझं नाक. हे." त्याने बाजूला वळून दाखवले. "मी सम्राट बाहेर काढला नाही, मी स्वतःला कोरलंय. रेषांचा तळ बघा, भुरकट आहे. सुई पुटापर्यंत गेलीच नाही."

व्हॅलेन्सही जागा झाला.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत?" हेर श्टेफेस यांनी कडक आवाजात विचारले.

"नाही हो. सुई आपोआप गेली."

"सुई आपोआप गेल्यास काय करावं, असं घटनेत कुठे आहे?" डॉ. बाउलर यांनी चिटणिसांना विचारले.

फ्राऊ बार्ट्सेन यांनी घटना पहिल्या पानापासून चाळली. "कुठेच नाही," त्या म्हणाल्या.

इथे एवाल्डला बसता आले असते. पण त्याला बायकोचे शब्द आठवले.

"आणि हे माझ्यापुरतं नाही," तो म्हणाला. "पेटी उघडा. फ्राऊ बार्ट्सेन, माफ करा, तुमच्या हेलेनाच्या अंबाड्यात तुमची पिन आहे. हेर श्टेफेस, थिओडोशियसच्या कानावर चष्म्याची खूण आहे. त्या काळात चष्मा नव्हता. आणि हेर डॉक्टर..." तो अध्यक्षांकडे वळला. "कॉन्स्टंटाईनची हनुवटी तुमची आहे. दोन्ही हनुवट्या. दातसुद्धा."

सभेसाठी दुकानातून आणलेली पेटी उघडली गेली. फ्राऊ बार्ट्सेन यांनी पर्समधून छोटा आरसा काढला आणि तो हातोहात फिरला. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात भिंग, अशी ती मंडळी एकेक करून खिडकीच्या उजेडात बाजूने तोंड करून उभी राहू लागली. एवाल्ड वाट पाहत होता की आता कुणीतरी ओरडेल, टेबल आपटेल, त्याला हाकलून देईल. त्यासाठी त्याने छत्री हातात घेऊनही ठेवली होती.

डॉ. बाउलर सगळ्यात जास्त वेळ खिडकीत उभे होते. मग ते सावकाश वळले. चेहरा लाल झाला होता, पण तो रागाने नाही, हे एवाल्डच्या उशिरा लक्षात आले.

"तीस वर्षं," ते हळू आवाजात म्हणाले, "मला तीस वर्षं असं वाटत होतं. पण स्वतःच्या तोंडाने कसं बोलायचं?"

"काय बोलायचं?" एवाल्डने विचारले.

"अहो, कॉन्स्टंटाईन इथे राहायचा! ह्याच गावात, वर्षानुवर्षं. तरणाताठा सम्राट. मग त्याचं रक्त गेलं कुठे? हवेत? ते इथेच आहे, मोझेलच्या काठी!"

"पण हेर डॉक्टर," फ्राऊ बार्ट्सेन म्हणाल्या, "तुमचं घराणं तर हॅम्बुर्गचं ना?"

"आईकडून," डॉ. बाउलर म्हणाले. "फक्त आईकडून. आणि तुम्ही बोलू नका, बार्ट्सेनबाई. हेलेना त्याची आई होती. म्हणजे तुम्ही माझ्या कोण झालात?"

यावर हशा पिकला. फ्राऊ बार्ट्सेन यांनी अंबाड्यातली पिन आत खोचायला हात नेला, मग काय वाटले कोण जाणे, ती थोडी आणखी बाहेर ओढली. हेर श्टेफेस म्हणाले की त्यांचे आजोबाही कानाने असेच होते. ज्याच्या त्याच्या तोंडी घराण्याच्या गोष्टी आल्या. या सगळ्यात एवाल्ड दोनदा "पण तळ भुरकट आहे" असे म्हणाला. दुसऱ्या वेळी व्हॅलेन्सने त्याला "बसा हो, दमला असाल" असे प्रेमाने सांगितले.

"पण योव्हियन तर ट्रिअरला आल्याचं कुठे लिहिलेलं नाही!" एवाल्ड शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाला. "आणि तो उंच होता!"

"सैनिक माणूस. फिरतीवर असणार," डॉ. बाउलर म्हणाले. "आणि उंचीचं म्हणाल, तर नाण्यावर मान आणि वर. तेवढे तुम्ही पुरेसे आहात. मतदान घेऊ या."

एकमताने, अकरा विरुद्ध शून्य, एवाल्ड मोर्बाख सभासद झाला. त्याचे नाणे पेटीत गेले. पेटीत गेलेले नाणे परत मिळत नाही, असे कलम मात्र घटनेत होते. खुर्ची दाराजवळून उचलून खिडकीशी आणली गेली, आणि डॉ. बाउलर यांनी स्वतःचा मग जरा सरकवून तिला जागा केली. एवाल्ड बसला. कोपर ठेवायला टेबल होते. बाहेर नदी दिसत होती. ती इथून दिसते हे त्याला माहीत नव्हते.

"सभासदाला ठराव मांडता येतो ना?" त्याने विचारले.

"अलबत! हक्कच आहे तुमचा."

"मग माझा ठराव आहे. पेटीतली सगळी नाणी वस्तुसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत तपासायला द्यावीत."

कुणीही रागावले नाही. फ्राऊ बार्ट्सेन यांनी ठराव सुवाच्य अक्षरात लिहून घेतला, वाचून दाखवला, शब्द बरोबर आहेत ना म्हणून विचारले. मग मतदान झाले. ठरावाच्या बाजूने एक हात वर झाला. तो हात वीस वर्षे कुठेही वर झाला नव्हता, म्हणून बाहीतून नीट बाहेरही येत नव्हता. विरुद्ध अकरा. "पहिल्याच दिवशी ठराव!" डॉ. बाउलर यांनी त्याची पाठ थोपटली. "मंडळाला असं नवं रक्त हवंच होतं." मग जवळ सरकून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारले, "हनुवटीचं म्हणत होतात ते. उजवीकडून जास्त सारखी दिसते की डावीकडून? घरात फोटो लावायचा आहे."

"डावीकडून," एवाल्ड म्हणाला. तेही खरेच होते.

बटाटे आले. लोणी कमीच होते. फ्राऊ बार्ट्सेन यांनी चमच्याने मगावर टणटण केले. नवा सभासद झाला की त्याच दिवशी त्याची हजेरी घेऊन नोंदवहीत नाव चढवायचे, अशी रीत होती. त्यांनी नव्या ओळीवर पेन टेकवले. सगळे एवाल्डकडे वळले. खुंट्यांखालच्या रिकाम्या जागी पाणी ठिबकत होते.

"योव्हियन?" फ्राऊ बार्ट्सेन यांनी पुकारले.

वीस वर्षांची तालीम एवाल्डच्या जिभेवर आली. खालचा ओठ नेहमीसारखा पुढे आला आणि थांबला. या वेळी मात्र तो तिथेच थांबला नाही.

"गैरहजर," तो म्हणाला.

"काय?"

"योव्हियन गैरहजर आहे, फ्राऊ बार्ट्सेन. मी आहे."

त्याचा आवाज ठणठणीत निघाला होता. दाढी करताना तो कधी असा निघाला नव्हता. फ्राऊ बार्ट्सेन यांनी डॉ. बाउलर यांच्याकडे पाहिले. डॉ. बाउलर यांनी घटनेकडे पाहिले. सम्राट गैरहजर असताना सभासद हजर असला तर काय, याचे कलम नव्हते. फक्त एवढेच होते, की विनाकारण तीनदा गैरहजर राहिल्यास नाव कमी होते.

"कारण?" फ्राऊ बार्ट्सेन यांनी विचारले.

एवाल्डने क्षणभर विचार केला. "वाटेत अडकलाय," तो म्हणाला. "घरी यायला निघाला होता."

त्यांनी नोंदवहीत लिहिले: योव्हियन, गैरहजर, कारण कळवले. आणि त्याखाली, त्यांच्या हिशेबाने पुन्हा काही घोटाळा नको म्हणून, कंसात: मोर्बाख आहेत.

तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ही नोंद अशीच होत आली आहे. कारण कळवलेले असल्यामुळे कलम लागू पडत नाही. एवाल्ड खिडकीशी बसतो आणि नदी पाहतो. बैठक संपल्यावर तो खुंटीवरून कोट काढतो, तेव्हा आता त्यातूनही खाली पाणी ठिबकत असते. घरी आल्यावर वाल्ट्राउट दारातच विचारते, "आला का रे तुझा लांबटांग्या?"

"अजून नाही," एवाल्ड सांगतो, आणि खिडकीतल्या बरण्यांचे पाणी बदलायला घेतो.